नावाआधीची कोरी जागा

मी पाकीट बोलतोय, लग्नपत्रिकेचं. माझ्या पोटात काय आहे ते मला तोंडपाठ. पण कुणाला म्हणून पाठवलं असं विचाराल, तर माझी अजून पंचाईत होते.

अठ्ठावन्न साली अलिबागच्या छापखान्यातून आम्ही दीडशे भावंडं नागावला धर्माजींच्या ओटीवर आलो. त्यांच्या लेकीचं, मैनाचं लग्न होतं. तुळशीराम गुरुजी टाक घेऊन बसले. अख्ख्या गावाची पाकिटं तेच लिहायचे. 'श्री. व सौ.', 'श्री. व सौ.', कसा भरभर हात चालला होता! माझी पाळी आली आणि टाक अडला.

"नीराला लिवा," धर्माजी म्हणाले. नीराबाई त्यांची धाकटी बहीण, बोर्ली पंचतनला दिलेली. तिचा नवरा हिरामण बोटीवर खलाशी. चार वर्षांत त्याची ना चिठ्ठी, ना निरोप.

"काय लिहू? श्री. व सौ.? की नुसतं श्रीमती?" गुरुजींनी विचारलं. तेव्हा आमच्याकडे श्रीमती विधवेलाच लिहीत.

"अगो बाय! गळ्यात मंगळसूत्र हाय तिच्या," धर्माजींची बायको सोनाबाई कडाडली. "सौ. लिवा!"

"सौ. लिवलं तर हळदीला सवाष्णींत बसवावी लागंल," धर्माजी म्हणाले.

"मग बसवा की! आत्या हाय ती पोरीची."

"आनि त्यो नसंल तर?"

मला तर काहीच उमजेना. दर्यावर गेलेला माणूस आहे की नाही, हे कागदाला कसं ठाऊक असणार? शेवटी गुरुजींनी बोटभर जागा कोरी सोडली आणि पुढे नुसतं 'नीराबाई' लिहिलं. मोठं शहाणपण केलं असं वाटलं त्यांना!

बोर्लीत मोरू पोस्टमनने मला तिच्या हातात दिलं. ती चौथी शिकलेली. तिने माझ्यावरचं नाव वाचलं, परत वाचलं.

"मोरूभाऊ, वाटेत भिजलं का रं पाकीट?"

"न्हाय वयनी. मुळातच न्हाय लिवलेलं."

"माज्या भावालाबी ठावं न्हाय व्हय, मी कोन ती?" तिचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ती आत गेली, कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि त्या कोऱ्या जागेवर तिने कुंकवाचं बोट टेकवलं.

हळदीच्या दिवशी तिने मला धर्माजींच्या हातात ठेवलं. त्यांनी ते कुंकवाचं बोट पाहिलं. "चुकलो गं बाय," म्हणाले. "पयली हळद तूच लाव."

त्याला सात वर्षं झाली. मी तिच्या ट्रंकेत असतो. हिरामण आला नाही, गेल्याची खबरही नाही. 'श्री.' आहे की नाही, मला अजून कळत नाही. लिहिणाऱ्यांनो, माझं एवढंच मागणं: अडलात तर जागा कोरी सोडू नका, जिचं नाव तिलाच विचारा.

माझ्यावरचं कुंकू फिकं पडलं की नीराबाई अजून बोट टेकवते.