साखरेच्या टिकल्या

केकवाल्या काकूंच्या पोटात काही म्हणून राहत नसे. मुलाच्या लग्नाची बोलणी पुरी व्हायच्या आत गल्लीभर बोभाटा करून मोकळ्या झाल्या होत्या. बाकी बाई कामाला वाघ. घरच्या ओट्यावर केक करायच्या आणि त्यावर चिकटवायच्या साखरेच्या इवल्याइवल्या टिकल्यासुद्धा स्वतःच्या हातानं पाडायच्या.

तर या काकूंना सुनेचं कपाट आवरताना (कुणी सांगितलं होतं आवरायला?) एक डबी सापडली. आत पाकिटातून सोडवून ठेवलेल्या बारीक पिवळ्या गोळ्या. सून सकाळी कामावर निघता निघता या डबीतलं काहीतरी तोंडात टाकते आणि घटाघटा पाणी पिते, हे त्यांनी पाहिलं होतंच. लपवून घेते, म्हणजे मूल नको म्हणूनच घेत असणार! झालं. विचारणं नाही की सवरणं नाही. काकूंनी गोळ्या मोरीत ओतल्या आणि त्याच मापाच्या, त्याच रंगाच्या टिकल्या पाडून डबीत भरल्या. सुनेनं नव्या गोळ्या भरल्या की काकू पुन्हा बदलायच्या. रंग असा हुबेहूब जमला की स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. आणि सुनेला दिवस गेले तेव्हा तर काय, सगळी करामत आपलीच, अशा थाटात घरभर फिरल्या.

दवाखान्यात सुनेबरोबर त्याच गेल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "फॉलिक ॲसिड घेतेस ना?"

"हो, दिवस राहायच्या आधीपासून. एकदाही चुकवली नाही."

"शाब्बास! बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा अगदी सुरुवातीला घडतो, आईला चाहूलही लागलेली नसते तेव्हा. म्हणून तर आधीपासून घ्यायची. तीच चालू ठेव."

"कुठली गोळी गं?" काकूंनी विचारलं.

सून लाजली. "डबीतली, आई. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही रोज वाट बघत बसला असता, आणि तुमच्याबरोबर अख्खी गल्ली. म्हणून लपवली. रागावू नका हं."

काकूंच्या डोळ्यांसमोर मोरीत वाहून गेलेल्या पिवळ्या गोळ्या आल्या.

सून रक्त तपासायला द्यायला गेली तशा काकू धावतच खालच्या औषधांच्या दुकानात गेल्या आणि फॉलिक ॲसिडचं पाकीट विकत घेतलं. घरी जाऊन गुपचूप डबी भरली की कुणाला पत्ताही लागणार नव्हता. पण डॉक्टरीणबाई तर गोळ्या पोटात गेल्यात असंच धरून चालल्या होत्या. बाळाच्या कण्यात काही कमीजास्त असलं आणि त्यांच्या नजरेतून सुटलं तर?

तेवढ्यात कोपरापाशी कापूस दाबत सून आली. "अय्या, आई, कशाला आणल्यात? घरी आहेत की भरपूर!"

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्या गोळ्या नाहीत गं. केकवरच्या टिकल्या आहेत. मीच बदलल्या. मला वाटलं, तुला मूल नकोय."

सून आधी हसली. काकू कधीकधी अशी थट्टा करायच्या. मग तिनं त्यांचा चेहरा पाहिला. पाकीट हिसकावून तिनं तिथंच उभ्यानं एक गोळी गिळली आणि तडक डॉक्टरांच्या दारापाशी जाऊन थांबली.

"तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

काकूंनी सांगितलं. नर्ससमोर, खाली मान घालून, पुन्हा पुन्हा बदलल्याचंही.

"आजपासून रोज घे," डॉक्टरीणबाई सुनेला म्हणाल्या. "बहुतेक बाळं धडधाकटच असतात. सोनोग्राफीत पाठीचा कणा नीट तपासू. त्याआधी मला काही सांगता येणार नाही."

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. मध्ये आणखी एक माणूस बसेल एवढी जागा सुनेनं सोडली.

"मला एकदा विचारलं का नाही, आई?"

"लाज वाटते गं मला माझी," काकू पुटपुटल्या.

"वाटू दे," सून म्हणाली.

तिचा फोन वाजला. मुलाचा होता. तिनं तो उचलला नाही, तसाच काकूंच्या हातात दिला.

"काय म्हणाल्या गं डॉक्टर?" मुलगा पलीकडून आनंदानं विचारत होता.

"मी बोलतेय रे बाळा," काकू म्हणाल्या. "ती बरी आहे. पण तुझ्या आईनं काय करून ठेवलंय, ते आधी ऐक."