फियाटची तिसरी तार

मंगळवारी सकाळी फियाटच्या मीटरची तार पुन्हा तुटली, आणि गाडीचं पासिंग गुरुवारी होतं.

आत्माराम एकाहत्तर वर्षांचा. जहाजांच्या इंजिनरूममध्ये ऑइलमन म्हणून त्याने पस्तीस वर्षं काढली आणि त्या पगारातून ही फियाट घेतली. मागच्या आठवड्यात आरटीओच्या मैदानावर निरीक्षक बाईंनी गाडी फिरवून पाहिली. गाडी चालत होती, पण स्पीडोमीटरचा काटा शून्यावरच. "हे करून गुरुवारी आणा," एवढं म्हणून त्यांनी कागद परत दिले. मुंबईचा मुलगा निलेश गाडी काढून टाका म्हणून मागे लागलेलाच होता. आत्मारामने त्याला फोनवर शब्द देऊन टाकला, की या खेपेला नापास झाली तर गाडी भंगारात घाल. एका तारेचं काम, त्यात काय, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

रविवारी नवी तार घातली. ती दोन दिवसही टिकली नाही. दुकानदाराकडे आता शेवटची एक उरली होती. पुढची कोल्हापूरहून यायला चार दिवस. आत्माराम ती घेऊन घरी आला आणि थेट गाडीखाली शिरायला निघाला.

त्याची बायको सावित्री ओटीवर फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. "पहिली तुटली, तेव्हा तार जुनी होती म्हणालात. दुसरी तुटली, तर दुकानदार चोर. आता ही तुटली की कोणाचं नाव घेणार?"

"तुला काय कळतंय गो त्यातलं?"

"मला नाय कळत. म्हणून तर विचारते."

तो गाडीखाली गेला नाही. तुटलेल्या दोन्ही तारा आणून त्याने ओटीवर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही एकाच जागी तुटल्या होत्या, मीटरच्या टोकापासून वीतभर खाली, आणि दोन्हींचे पदर पिळवटलेले. खालून गिअरबॉक्स तार फिरवत होता आणि वर काहीतरी ती धरून ठेवत होतं. तार बिचारी मधल्यामध्ये मेली होती.

त्याने डॅशबोर्डातून मीटर बाहेर काढला. तारेचं चौकोनी टोक जिथे बसतं तिथे तुटका तुकडा घालून चिमटीत फिरवून पाहिला. हलेना. मागचं झाकण उघडलं तर आत काळं, चिकट, डिंकासारखं घट्ट झालेलं ग्रीस.

ते तिथे कोणी घातलं, हे त्याला दुसऱ्या कोणाला विचारावं लागणार नव्हतं. खारा वारा लोखंड खातो. म्हणून दर वर्षी पावसाळ्याच्या आधी तो दाराच्या बिजागऱ्यांपासून विहिरीच्या पंपापर्यंत सगळं ग्रीसने माखायचा आणि ही तारही बोटभर जाड लिंपून आत सरकवायचा. तारेला पीळ असतो. ती फिरली की पिळाबरोबर ग्रीस वर चढतं, इंचाइंचाने, थेट मीटरच्या पोटात. जहाजावर त्याच्या हातून कधी काही कोरडं राहिलं नव्हतं. आणि इथे त्याच हाताने घात केला होता.

"सापडला चोर?" सावित्रीने विचारलं.

"सापडला," तो म्हणाला. नाव सांगितलं नाही.

मग तो कामाला लागला. तारेचं बाहेरचं आवरण सोडवून अंगणातल्या माडाला उभं टांगलं आणि वरून रॉकेल ओतत राहिला. खाली काळं पाणी ठिबकत राहिलं. ते स्वच्छ दिसेपर्यंत दुपार झाली. मीटर त्याने काडीला चिंधी गुंडाळून, पेट्रोलमध्ये बुडवून पुसला, काट्याला धक्का न लावता. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. आता टोक नुसत्या बोटाने गरगर फिरत होतं.

बुधवारी सकाळी आवरण खडखडीत वाळल्यावर त्याने नवी तार घेतली. खालच्या भागाला ग्रीसचा हात फिरवला आणि लगेच फडक्याने पुसून काढला. वरची वीतभर तार कोरडी ठेवायची होती. डबा उघडाच होता. बोट दोनदा तिकडे गेलं.

"लावा की आणखी," सावित्री म्हणाली. "एवढे चिक्कू कधीपासून झालात?"

"कालपासून." त्याने डब्याचं झाकण दाबून लावलं.

दुपारी दोघं भाट्याचा पूल ओलांडून पावस गावाच्या रस्त्याला लागली. काटा हळूहळू उठला आणि चाळीसवर थांबला, न थरथरता. आत्मारामने वेग तसाच धरला. मैलाचा दगड आला तशी सावित्रीने मोबाइलवरचं घड्याळ चालू केलं आणि पुढच्या दगडाशी बंद केलं. चाळीसच्या वेगाला किलोमीटरला नव्वद सेकंद हवेत. ब्याण्णव भरले. परतताना त्याने पुन्हा मोजायला लावलं. एक्याण्णव.

"आता पुरे," सावित्री म्हणाली, "नायतर ही तार मोजून मोजूनच तुटायची."

गुरुवारी अकरा वाजता निरीक्षक बाई त्याच्या शेजारच्या सीटवर बसल्या. मैदानाला दोन फेऱ्या झाल्या. काटा तिसापर्यंत गेला आणि ब्रेकबरोबर सरळ खाली आला.

"कोणाकडून केलंत?" बाईंनी विचारलं.

"मीच केलं."

"आणि बिघडलं होतं कशाने?"

काटा चालत होता. तार जुनी होती म्हटलं असतं तरी भागलं असतं. आत्मारामने इंजिन बंद केलं.

"तेही मीच केलं होतं. ग्रीस जास्त झालं."

बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, खाली उतरल्या आणि बॉनेटवर कागद ठेवून सही केली.