चाकामागचा छोटा पंप

मित्रांनो, गाडीच्या काचेवर चिखल उडाला की चालवणारा स्टिअरिंगजवळची दांडी आपल्याकडे ओढतो. काचेच्या खालून पाण्याच्या दोन धारा उडतात, वायपर फिरतात आणि रस्ता पुन्हा लख्ख दिसू लागतो. ते पाणी वर फेकणारा पंप मी होतो. आता जुना झालो, कामातून गेलो, आणि उमापूरमधल्या एका घराच्या खिडकीत बसून तुम्हाला माझी हकीगत सांगतो आहे.

मी मुठीत मावेन एवढाच. पोटात एक इवलीशी मोटर. टाकीतलं पाणी ओढून घ्यायचं आणि नळीतून जोरात वर ढकलायचं, एवढं माझं काम. कारखान्यात मला एका पांढऱ्या गाडीत बसवलं. पुढच्या डाव्या चाकाच्या वर काळ्या प्लास्टिकचं एक आवरण असतं. त्याच्या मागे पाण्याची टाकी होती आणि टाकीच्या बुडाशी मी. तिथं उजेड पोचत नाही, पण ऐकू सगळं येतं.

गाडी घेतली ती अर्जुनरावांनी. कापूस आणि उसाची शेती असलेला हा माणूस मोठ्या हौसेचा होता. घरात पत्नी केसरबाई, मुलगा रविराज आणि धाकटी करिष्मा. नवलाईचे दिवस होते. अर्जुनराव रोज सकाळी बोनेट उघडून टाकी पाहायचे. कपिलधारला दर्शनाला जाताना पोरांनी हट्ट धरला, की ते दांडी ओढायचे. मी पाणी उडवायचो आणि मागच्या सीटवर हशा व्हायचा. लोक म्हणायचे, "काच लई लख्ख ठिवलीय, अर्जुनराव." माझं नाव कुणी घेत नसे. पण स्तुती ऐकून मला बरं वाटायचं.

पुढे रविराज नोकरीसाठी पुण्याला गेला. अर्जुनरावांची नजर अधू झाली आणि त्यांनी गाडी चालवणं सोडलं. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहू लागली. टाकीतलं पाणी आटलं. कुणी गाडी चालू करून पाहायचं, सवयीनं दांडीही ओढायचं, आणि मी कोरडाच फिरायचो. मित्रांनो, पाण्यात फिरायला केलेला पंप कोरडा फिरला की आतून भाजून निघतो. कधी टाकी भरलीच, तर बोअरच्या खाऱ्या पाण्यानं. त्या पाण्याची पांढरी खपली माझ्या पोटात साचत गेली.

मग केसरबाईंच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा बीडला डायलिसिसला जावं लागे. करिष्मा तेव्हा कॉलेज संपवून घरी आली होती. ती गाडी शिकली आणि आईला नेऊ-आणू लागली. गाडी पुन्हा रस्त्यावर आली, तिच्यासोबत मीही. माझा आवाज घोगरा झाला होता आणि धार काचेच्या निम्म्यापर्यंतच जायची. तरी मी ढकलत होतो.

उसाचा हंगाम होता. एका सकाळी मायलेकी निघाल्या. समोरून ऊन थेट डोळ्यांत येत होतं. पुढे उसानं भरलेला ट्रॅक्टर चालला होता. कुणाच्या तरी शेतातलं पाणी रस्त्यावर फुटलं होतं. ट्रॅक्टरच्या चाकांनी तो चिखल उडवला आणि अख्खी काच माखली.

करिष्मानं दांडी ओढली. वायपर फिरले. मी मात्र फिरलो नाही. तिनं पुन्हा ओढली. माझ्यापर्यंत वीज येत होती, मला ती जाणवत होती, पण आतलं काही हलेना. कोरड्या वायपरनी चिखल काचभर फासला, वर ऊन पडलं, आणि समोरचं सगळं पिवळं झालं.

करिष्मानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, करकचून ब्रेक दाबला आणि गाडी रस्त्याच्या कडेला उतरवली. गाडी थांबली तेव्हा ऊसतोड्यांच्या बैलगाडीचं चाक हातभर अंतरावर होतं. बैलगाडीशेजारून चालणारी एक बाई डोक्यावरचं बोचकं टाकून बाजूला झाली होती.

"दिसत न्हाई का, ताई?" बैलांचे कासरे आवळत गाडीवान म्हणाला.

"न्हाई दिसलं, दादा," करिष्मा म्हणाली. "काचंवर पाणीच आलं न्हाई."

केसरबाई हळूहळू खाली उतरल्या. डॉक्टरांनी त्यांना पाणी मोजूनमापून प्यायला सांगितलं होतं. दिवसभरासाठी एक लहान बाटली त्या जवळ ठेवत. ती त्यांनी काचेवर रिती केली आणि पदरानं काच पुसली. मी टाकीभर पाण्याजवळ बसून ते ऐकत होतो. माझ्या आयुष्यात त्याहून वाईट काही घडलं नाही.

संध्याकाळी घरी बोलणं निघालं. अर्जुनराव सगळं ऐकून म्हणाले, "आता गाडी शेडमधी. तुझी माय गावातल्या हनुमानच्या भाड्याच्या जीपमधी जाईल."

"कावून, अप्पा?"

"आज माणूस मेलं असतं. तू घाबरलीस. नवशिक्याचं असंच व्हतंय."

"मी घाबरले असते तर गाडी थांबली नसती. टाकी भरलेली हाय अन् पाणी येईना. ही गाडीची खोट हाय, माझी न्हाई."

केसरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्या जीपमधी दाटीवाटीनं बसायचं अन् येताना मला मान सुदीक धरवत न्हाई. मी न्हाई जायची."

अर्जुनराव म्हणाले, "पुढच्या फेरीच्या आत खोट काढून दाखव. न्हाई निघाली तर जीप. मग काय बोलायचं न्हाई."

"काढते," करिष्मा म्हणाली.

तिला यंत्रांची भीती नव्हती. घरचा फवारणीचा बॅटरी पंप तीच उघडून नीट करायची. सकाळी तिनं गाडी अंगणात सपाट जागी घेतली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या. गॅरेजला फोन करण्याआधी तिला एकेक गोष्ट तपासायची होती. टाकी पाहिली, भरलेली होती. बोनेटवरची पाण्याची भोकं टाचणीनं साफ केली. मग तिनं वडिलांना गाडीत बसवलं आणि स्वतः चाकाजवळ कान लावला.

"वढा दांडी, अप्पा."

त्यांनी ओढली.

"गुणगुण ऐकू यायली का?" करिष्मानं खालून विचारलं.

"काहीच न्हाई," अर्जुनराव आतून म्हणाले.

"मंग नळी तुंबलेली न्हाई. नळी तुंबली असती तर पंपानं आवाज तरी केला असता." तिनं फ्यूज उपसून उजेडात धरला. आतली तार शाबूत होती. "आता एक तर वीज येत नसंल, न्हाई तर पंप मेला असंल."

तिनं चाक वळवलं, आवरणाच्या खुंट्या काढल्या आणि ते दुमडलं. कितीतरी वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. तिनं माझा वायरचा सॉकेट ओढून काढला आणि त्याच्या दोन टोकांना एक छोटा बल्ब लावला.

"वढा."

बल्ब पेटला. अर्जुनराव गाडीतून उतरून चाकाशी वाकले. पुन्हा पाहायचं म्हणून त्यांनी करिष्माला आत पाठवलं, बल्ब स्वतः धरला. तो पुन्हा पेटला.

"वीज तर येती," ते म्हणाले.

"म्हणजे पंप गेला."

तिनं खाली बादली ठेवली, नळी काढली आणि मला हळूच हलवत रबरी बुचातून उपसलं. टाकीतलं पाणी बादलीत पडलं. माझ्या तोंडावरची पांढरी खपली पाहून अर्जुनरावांनी ती नखानं खरवडली.

"बोअरच्या पाण्याची हाय ही," ते म्हणाले. "मीच भरायचो."

करिष्मानं मला फडक्यात गुंडाळलं आणि एसटीनं गेवराईला नेलं. स्पेअर पार्टचे दुकानदार सोमेश्वर यांनी माझ्या शेजारी एक नवा पंप ठेवला. सॉकेट जुळतो का, तोंडाची जाडी तीच आहे का, तिनं दोनदा पाहिलं. नवं रबरी बूचही मागून घेतलं.

"जुना टाकून देऊ का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. अप्पांना दाखवायचाय आतून."

परत आल्यावर तिनं टाकीचा तळ धुतला, नवं बूच बसवलं, त्याला पाण्याचं बोट लावलं आणि नवा पंप दाबला. सॉकेट कट् करून बसला. नळी जोडली. अर्जुनरावांनी फिल्टरचं पाणी आणून टाकीत ओतलं. बुचाभोवती थेंबही नव्हता. करिष्मानं आईला हात धरून चालकाच्या सीटवर बसवलं.

"माय, तू वढ."

केसरबाईंनी दांडी ओढली. नवा पंप घुमला. धारा काचेवरून टपापलीकडे गेल्या आणि मागे उभ्या असलेल्या अर्जुनरावांचा सदरा भिजला. केसरबाई कितीतरी दिवसांनी हसल्या. त्यांनी पुन्हा ओढली. अर्जुनराव भिजत तिथंच उभे राहिले. मग चष्मा पुसत लेकीला म्हणाले, "खोट गाडीचीच व्हती. उद्या तूच ने. मी मागं बसतो, मायचं डोकं मांडीवर घ्यायला."

रात्री करिष्मानं मला उघडून अर्जुनरावांना आतली खपली दाखवली आणि मग या खिडकीत ठेवलं. नव्या पंपाचा आवाज खणखणीत आहे. मला त्याचा हेवा वाटला नाही. मला एवढंच वाटलं, की त्यानं कधी कोरडं फिरू नये.

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. आज घरी गेलात की मोठ्यांना बोनेट उघडायला सांगा आणि टाकी पाहा. स्वच्छ, गोडं पाणी भरा. पाणी नसेल तर दांडी ओढू नका. आतला आवाज घोगरा झाला किंवा धार लहान झाली, तर पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. काच स्वच्छ राहावी ती गाडीतल्या माणसांसाठी नव्हे नुसती. तिच्यापलीकडे डोक्यावर बोचकं घेऊन कुणीतरी चाललेलं असतं.