एकही उरलेला नाही

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी तिने मोठ्या बाईंना आकडा सांगितला, तेव्हा सगळ्या तपासणी केंद्राला हायसं वाटलं. फक्त तिला सोडून. आकडा होता शून्य. फोन करायचा असा एकही माणूस उरलेला नाही.

"सुटलो गं बाई एकदाचे!" मोठ्या बाई म्हणाल्या आणि चष्मा कपाळावर चढवून वरच्या मजल्यावर साहेबांना कळवायला गेल्यासुद्धा. एरवी त्या गुडघ्यांच्या नावाने जिना टाळत.

तिला केंद्रात सगळे आकडेवाली म्हणत. कोण आलं, काय तपासलं, काय निघालं, याच्या नोंदी संगणकात असत आणि त्या नोंदींना प्रश्न विचारून उत्तर काढणं हे तिचं काम. नऊ वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. प्रश्न नीट विचारला तर संगणक खरं सांगतो, आणि वेडावाकडा विचारला तरी तितक्याच शांतपणे काहीतरी सांगतो. माणूस खोटं बोलताना निदान नजर तरी चुकवतो.

झालं होतं असं की रक्त किती वेळात गोठतं हे मोजणारं एक यंत्र नऊ दिवस बिघडलेलं होतं आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. रक्त असेल त्यापेक्षा घट्ट आहे असं ते दाखवत होतं. ज्यांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या, त्यांचे डॉक्टर तो कागद बघून गोळी वाढवत होते. अशा वाढलेल्या गोळीने माणसाला आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून त्या नऊ दिवसांत तपासून गेलेल्या प्रत्येकाला फोन करून सांगायचं होतं, की आजपासून गोळी थांबवा आणि पुन्हा तपासायला या. तीन दिवस टेलिफोनवाले काका धरून तिघेजण फोन फिरवत होते. बोलणं झालं की संगणकात नोंद करायची, नाही झालं तर पुन्हा लावायचा. आज सकाळी आकडेवालीने विचारलं होतं, तपासलेल्यांपैकी फोनच्या नोंदींत नाही असं कोण? उत्तर आलं, कोणीच नाही.

तिघांपैकी प्रत्येकाला वाटलं, आपल्याला न सापडलेले लोक बाकीच्या दोघांना सापडले असतील. तिघेही खूश झाले.

आकडेवाली मात्र खुर्चीत ठरेना. पाणी भरून आणलं, प्यायलीच नाही. खिडकी उघडली, मग कागद उडतात म्हणून लावली. पुन्हा तोच प्रश्न संगणकाला विचारला. शून्य. नोंदी मोजल्या. तपासण्या सहाशे चाळीस, फोन सहाशे पंचावन्न. फोन जास्तच होते. मग बिनसलं कुठे? पण मनात शंकेची पाल चुकचुकायची काही थांबेना.

"तुला चांगली बातमी पचत नाही का गं?" मोठ्या बाई खाली येताना म्हणाल्या. "साहेबांना सांगून आले. टेलिफोनवाल्या काकांनाही सांगितलंय, आता कुणी चौकशी केलीच तर म्हणायचं, सगळ्यांना कळवून झालंय, तुम्हाला फोन नाही आला म्हणजे तुम्ही त्यातले नाही. तू जरा श्वास घे."

तिने श्वास घेतला. काही फरक पडला नाही.

दीड वाजता नवऱ्याचा फोन आला. "आई विचारतेय, डबा खाल्लास का."

"नाही खाल्ला. मला सांगा, आपल्या घरात माणसं किती?"

"चार. का?"

"चौघांनी तीन दिवसांत आलेले सगळे फोन उचललेत, असं कधी झालंय?"

"आपल्याकडे?" तो हसला. "आई फोन उशीखाली ठेवते आणि मी गाडीत विसरतो. तू तर माझाही उचलत नाहीस."

"मग इथे शेकड्यांनी माणसं आहेत. एकूण एक माणसाने फोन उचलला?"

"अगं, घाबरलेले असतील, म्हणून—"

"घाबरायला आधी कळायला नको का?" ती म्हणाली आणि फोन ठेवला. बिचाऱ्याचं वाक्य अर्धंच राहून गेलं.

आता तिने जे सकाळीच करायला हवं होतं ते केलं. नोंदी न मोजता माणसं मोजली. एकच माणूस नऊ दिवसांत दोनदा तपासून गेला असेल तर तो एकच. एकाच घरी दोघांनी फोन केला असेल तरी माणूस एकच. तपासलेली माणसं निघाली चारशे बारा. फोनवर सापडलेली निघाली तीनशे चौऱ्याहत्तर.

तिने कागदावर वजाबाकी केली. अडतीस. पुन्हा केली, शाळेतल्या पोरीसारखी हातचा मांडून. अडतीसच. आणि समोर संगणक अजून शून्य दाखवत होता. 

मग तिने फोनच्या सहाशे पंचावन्न नोंदी एकेक करून खाली सरकवायला सुरुवात केली. फार जावं लागलं नाही. सगळ्यात जुनी, पहिलीच नोंद. तिच्यात पेशंटचा नोंदणी क्रमांकच नव्हता. जागा कोरी होती.

एका कोऱ्या जागेने एवढं कसं बिघडतं? समजा दारावर पहारेकरी आहे आणि त्याच्याकडे आत गेलेल्यांची यादी आहे. यादीत एका ओळीवर नावच लिहिलेलं नाही. आता यादीत नसलेल्या कुणाबद्दलही त्याला विचारा, हा आत गेला नाही ना? तो म्हणणार, सांगता येत नाही बुवा, ती कोरी ओळ त्याचीच असली तर? आणि संगणकाची खोड अशी, की ज्याची खात्री नाही त्याला तो उरलेल्यांत धरतच नाही. एका कोऱ्या ओळीमागे अडतीसच्या अडतीस जण दिसेनासे झाले होते.

ही गोष्ट तिला माहीत नव्हती असं नाही. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्याच आठवड्यात हेच शिकवायची, वर दरडावून शिकवायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

आणि ही कोरी नोंद केली कुणी? तिच्या मनात आधी टेलिफोनवाले काका आले, कारण काका एका बोटाने टाइप करतात. तिला मनातून त्यांचा रागही येऊन गेला. मग तिने नोंदीच्या कडेला बघितलं. सोमवार, सकाळी आठ चाळीस. नोंद करणाऱ्याच्या जागी तिचंच नाव होतं.

सोमवारी तिने फोनच्या नोंदींसाठी नवा फॉर्म तयार केला होता. काहीच न भरता बटण दाबलं तर फॉर्म अडवतो का, हे बघायला तिने बटण दाबलं होतं. फॉर्मने अडवलं नव्हतं. "हे दुरुस्त करायला हवं," असं म्हणेपर्यंत कुणीतरी हाक मारली, ती उठली आणि ते दुरुस्त करणं आणि ती नोंद पुसणं, दोन्ही राहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ती नोंद पुसायला दोन सेकंद लागले असते. पुसून नवी यादी काढायची, "आणखी काही सापडले" म्हणायचं, कोण विचारणार होतं? असा विचार तिच्या मनात आला, हे इथे सांगायलाच हवं. तो तिथे थोडा वेळ बसलाही. मग तिला स्वतःची शिसारी आली. तिने नोंद तशीच ठेवली, प्रश्नातून तेवढी कोरी ओळ वगळली आणि अडतीस नावं छापून मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली.

"माझ्या हातून झालं. सकाळचं शून्य खोटं होतं."

मोठ्या बाईंनी कागद वाचला. चेहरा उतरला, पण ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. "साहेबांचं मी बघते," त्या म्हणाल्या. "बहुतेकजण गोळी संध्याकाळी घेतात. आता दोन वीस झालेत. तिघांत वाट आणि तूही बस."

तिच्या वाट्याला नऊ नावं आली. पहिल्या घरी सून भेटली, तिने पाठ करून म्हटल्यासारखं सगळं परत म्हणून दाखवलं. दुसरीकडे कुणी उचलेना. तिसरे गृहस्थ बहिरे होते, त्यांच्यासाठी एवढं ओरडावं लागलं की शेजारच्या टेबलावरचे काका दचकले. चौथा फोन पुन्हा त्या दुसऱ्या घरीच लावला, या वेळी लागला. तिचा पाय टेबलाखाली एकसारखा हलत होता. प्रत्येक वेळी घंटी वाजत राहिली की ती मनात मोजू लागे आणि आपण मोजतोय हे लक्षात आलं की स्वतःवरच चिडे.

सहावा फोन तिने लिहायला हात मोकळा राहावा म्हणून स्पीकरवर लावला, तो पहिल्याच घंटीला उचलला गेला. आवाज पुरुषाचा होता, साठीचा असावा.

तिने केंद्राचं नाव सांगितलं, यंत्राचं सांगितलं. "आजची गोळी घेऊ नका. घेतली नाहीत ना अजून?"



"बाई, मी परवापासून गोळी बंदच ठेवली होती," तो म्हणाला. "हिरड्यांतून रक्त येत होतं, म्हणून. काल कानावर आलं की तुमचं यंत्र बिघडलंय. म्हणून आज अकरा वाजता मीच फोन केला. तुमच्याकडचे म्हणाले, सगळ्यांना कळवून झालंय, तुम्हाला फोन नाही म्हणजे तुम्ही त्यातले नाही. मग फोन ठेवला आणि राहिलेली गोळी घेऊन टाकली."

शेजारी काकांचा हात फोनवर तसाच थांबला. त्यांनी आवाज ओळखला होता. ते बोलायला तोंड उघडत होते, तेवढ्यात तिने मानेनेच त्यांना नाही म्हटलं.

"आत्ता रक्त येतंय का?"

"येतंय थोडं. मघापेक्षा जास्त."

"कुणाला तरी बरोबर घ्या आणि लगेच निघा. मोठ्या रुग्णालयात थेट तातडीच्या विभागात जा, मी त्यांना आधी फोन करून ठेवते. तुमच्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या."

"जातो." पलीकडे बायकोला हाक मारल्याचं ऐकू आलं, कपाट उघडल्याचंही. मग तो परत फोनवर आला. रागावलेला नव्हता, त्याला फक्त समजून घ्यायचं होतं. "म्हणजे आता माझं नाव यादीत आलंय का?"

"सकाळीही होतं," ती म्हणाली. "मीच तुम्हाला मोजलं नाही."