पुरावा झालेला फळा

मित्रांनो, मी बॉस्टनचा एक जुना काळा फळा. माझी उमेदीची वर्षं कॉलेजात गेली. अर्थशास्त्राचे प्राध्यापक अन्सेल थॉर्प माझ्यावर भराभरा लिहीत, मुलं हसत हसत शिकत. तास संपला की मला पुसत, आणि मी पुन्हा ताजातवाना! काय सुखाचे दिवस होते ते.

पुढे प्राध्यापक सल्लागार झाले. निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशांवरून कामगार आपापल्या कंपन्यांवर खटले भरत, त्यांत ते तज्ज्ञ म्हणून साक्ष देत. नव्या कचेरीत त्यांनी मला हट्टाने नेलं. पहिल्याच दिवशी कामगारांच्या वकीलबाई रेनाटा फोगेल आत आल्या आणि दचकल्या.

"प्रोफेसर, आधी पुसा ते! लिहिलेलं अक्षर न् अक्षर कंपनीचा वकील पुरावा म्हणून मागून घेईल."

"अहो, मी नुसता विचार करतोय."

"मग डोक्यात करा. तिथे झडती घेता येत नाही."

तेव्हापासून मी कोराच राहिलो. प्राध्यापकही अबोल झाले. माझ्यासमोर एकटेच सँडविच खात बसत. लेकीचा फोन येई, "बाबा, आज काय केलंस?"

"काही नाही गं."

खटल्याबद्दल बोलायची बंदी होती, आणि खटल्याखेरीज त्यांच्यापाशी दुसरं काही उरलं नव्हतं. हळूहळू तिचे फोन कमी झाले. मला फार वाईट वाटे.

मग बसच्या कारखान्याचा खटला आला. विल्मा कोवाल्स्कीने जन्मभर बसच्या गाद्या शिवल्या होत्या. कंपनीने तिची पुंजी अशा ठिकाणी गुंतवली, की दरवर्षी मोठी फी कापली जाई. हरली असती तर म्हातारपणीही तिला शिवतच बसावं लागलं असतं. प्राध्यापकांच्या रुक्ष साक्षीची तालीम ऐकून ती म्हणाली, "प्रोफेसर, तुमचं ऐकून मलाच वाटायला लागलंय, कंपनीचं बरोबर आहे!"

प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. "रेनाटा, हा फळा कोर्टात न्यायचा."

कोर्टात त्यांनी माझ्यावर विल्माची पुंजी म्हणून बसचं एक लांबलचक बाक काढलं. दर वर्षाच्या फीची एकेक पट्टी ते त्यातून पुसत गेले. न्यायाधीशबाई पुढे वाकल्या. "म्हणजे निवृत्त होईपर्यंत बसायला जागाच उरत नाही?"

"हो, तेच सांगायचं होतं," प्राध्यापक म्हणाले. कितीतरी वर्षांनी त्यांना मोकळं हसताना मी पाहिलं.

विल्मा जिंकली. पण कारकुनाने माझ्या चौकटीवर पुराव्याचा क्रमांक चिकटवला. कंपनीचं अपील संपेपर्यंत मला पुसायचं नाही, हलवायचं नाही. अपील संपलं, विल्माला पैसेही मिळाले. प्राध्यापक मला न्यायला आले, तेव्हा कारकून म्हणाला, "आदेश आणा." तो कुणाकडून आणायचा, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. प्राध्यापकांनी माझ्या चौकटीवरून हात फिरवला आणि ते गेले. पुन्हा आले नाहीत.

आता कोठारात मी भिंतीला टेकून उभा आहे. बाकाचा उरलासुरला तुकडा अजून अंगावर आहे, पण तो पाहायला कुणी येत नाही. मित्रांनो, तुमच्या वर्गातला फळा रोज लिहून भरा, रोज स्वच्छ पुसा. आणि घरचं कुणी फोनवर "काही नाही" म्हणालं, तर लगेच फोन ठेवू नका.