चार फुटांवरचं टेबल

वेंडल गेला आणि अकरा बंदुका माझ्या झाल्या. नावावर वगैरे काही करावं लागत नाही आमच्या मिसूरीत. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, बंदुका त्याच्या. दीड वर्ष मी ते कपाट नुसतं बाहेरून पुसत राहिले. मग मार्चमधल्या एका शनिवारी जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये बंदुकांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा एक टेबल भाड्यानं घेतलं, सासूबाईंची गोधडी त्यावर अंथरली आणि दहा बंदुका मांडल्या. अकरावी, त्याची हरणांच्या शिकारीची रायफल, घरीच ठेवली. का, ते मलाही सांगता येणार नाही.

हॉलच्या दारात एक म्हातारबाबा प्रत्येक बंदूक उघडून आत गोळी नाही ना ते बघत होता आणि नळीतून प्लास्टिकची पट्टी ओवून घट्ट करत होता. इस्पितळात तान्ह्या बाळाच्या मनगटाला पट्टी बांधतात ना, तितक्या मायेनं.

माझ्या शेजारचं टेबल एल्डनचं. एल्डन वेंडलचा शिकारीतला सोबती, सत्तरीला टेकलेला, आणि परवाना असलेला दुकानदार. त्याला प्रत्येक गिऱ्हाइकाकडून फॉर्म भरून घ्यावा लागतो, मग सरकारी कचेरीत फोन करून माणसाची तपासणी. उत्तर तीनपैकी एक येतं: द्या, देऊ नका, किंवा थांबा. मला यातलं काहीच लागू नव्हतं. मी दुकानदार नाही, घरातली वस्तू विकणारी बाई. आमच्या दोन टेबलांमध्ये चार फुटांची वाट होती, तेवढी ओलांडली की फॉर्मही नाही आणि फोनही नाही.

बाहेर फाटकापाशी दोन बायका पत्रकं वाटत होत्या. अशा सगळ्याच विक्रींना तपासणी हवी, असं त्यांचं म्हणणं. एल्डननं एक पत्रक घेऊन त्यावर कॉफीचा कप ठेवला होता.

"उद्या तू टोस्टर विकलास तरी वॉशिंग्टनला फोन लावायला लावतील," तो म्हणाला.

"माझा टोस्टर तू बघितलेला नाहीस," मी म्हटलं. "त्याच्यासाठी फोन केलेलाच बरा."

खरं सांगायचं तर माझं मत एल्डनसारखंच होतं. वेंडलचंही तेच होतं, आणि तीस वर्षांच्या संसारात काही मतं भांड्यांसारखी सामाईक होऊन जातात. चांगल्या माणसाला उगाच कशाला त्रास? शिवाय आमच्याकडे गिऱ्हाइकाला 'तुम्हाला ही कशाला हवी' असं विचारणं म्हणजे उद्धटपणा. न विचारण्यात एक सोयही असते. विचारलं नाही म्हणजे कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणजे विकणारा कायद्यानं मोकळा.

अकराच्या सुमाराला तो आला. तिशीचा, सडपातळ, गुळगुळीत दाढी केलेला. त्यानं टोपी काढली, हे मला आवडलं. वेंडलचं लहान पिस्तूल त्यानं हातात घेतलं, नळी जमिनीकडे ठेवून, शिकवलेल्या माणसासारखं.

"तुमचं का, मॅडम?"

"नवऱ्याचं. दीड वर्ष झालं त्याला जाऊन."

"वाईट वाटलं ऐकून." त्याला खरंच वाटलं असावं, असं मला वाटलं. "नीट सांभाळलेलं दिसतंय."

"पिस्तूल सांभाळायचा. स्वतःचं हृदय नाही सांभाळलं."

तो हसला नाही, नुसती मान हलवली. किंमत ठरली. त्यानं हात पुढे केला, मी हातात हात दिला. आमच्याकडे तेवढ्यावर व्यवहार होतो. कागद नंतरचा, बहुतेक वेळा नाहीच. त्याच्याकडे साठ डॉलर कमी पडत होते. हॉलच्या टोकाला पैशांचं मशीन आहे, तिथे रांग आहे, दहा मिनिटांत येतो, म्हणाला आणि गेला.

एल्डन वाटेत सरकला. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "ते पिस्तूल त्याला देतेयस?"

"हात मिळवला मी."

"मघाशी माझ्याकडे आला होता. फॉर्म भरला, मी फोन केला. थांबा म्हणाले."

"मग?"

"मग काय. थांबा म्हणजे नाही नव्हे. नावांचा घोळ असतो कधी कधी. माझ्या मेव्हण्याला तीनदा थांबवलंय, त्याच्याच नावाचा एक दरोडेखोर आहे टेक्सासात." त्यानं मशीनच्या रांगेकडे बघितलं. "पण मी त्याला म्हटलं, सोमवारनंतर बघू, तर तो तुझ्या टेबलाकडे बघत होता. तुझ्याकडे नाही. टेबलाकडे."

"नाव काय त्याचं?"

ते त्यानं सांगायला नको होतं. त्यानं सांगितलंही नाही. फॉर्मवर बोट ठेवून तो कागद माझ्या दिशेनं फिरवला फक्त. कोल्बी रे स्ट्राउड.

मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. चौघी आहोत आम्ही. जानेवारीत आमच्यातल्या केंड्रानं मागच्या दाराच्या आतल्या बाजूला एक फोटो चिकटवला. तळ्याकाठी हातात मासा धरून उभा असलेला, छातीपर्यंत दाढी असलेला माणूस. खाली तिनं लिहिलं होतं: कोल्बी आला तर दार उघडू नका. केंड्रा पोरीला घेऊन, कपडे कचऱ्याच्या पिशव्यांत कोंबून, दोन काउंट्या ओलांडून आली होती. कोर्टानं त्याला तिच्याजवळ फिरकू नको असा हुकूम दिला होता. ती कुठल्या गावात आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी अडीच महिने रोज त्या फोटोकडे तोंड करून बटाटे सोलले होते, आणि दाढी काढून तो समोर आला तर त्याला पिस्तूल विकलं.

केंड्राचं घर या हॉलपासून वीस मिनिटांवर होतं.

 केंड्राची गोष्ट मी एल्डनच्या कानाशी दोन वाक्यांत सांगितली, ती कुठे राहते तेही. हात मिळवला तेव्हा त्याचा हात कोमट होता, एवढंच आठवत होतं, आणि तो तळवा मी गोधडीला पुसत होते, पुन्हा पुन्हा.

"एल्डन, ही विक्री तुझ्या टेबलावरून कर. फॉर्म, फोन, सगळं. तुझे पैसे घे."

"पुन्हा थांबाच म्हणतील. तो विचारेल, मॅडमना अचानक काय झालं. अन् तू हात मिळवलायस, नोरीन. सगळ्यांनी बघितलंय."

"सकाळपासून तू सांगतोयस की या तपासणीचा उपयोग शून्य."

"ते निराळं."

"कसं निराळं, ते सांग. तो यायच्या आत सांग."

त्यानं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसला. तेवढ्यात कोल्बी आलाच.

नोटा त्यानं गोधडीवर ठेवल्या आणि तळव्यानं सरळ केल्या. मी म्हटलं, "माझा विचार बदलला. आठवण म्हणून ठेवते."

"आपण हात मिळवला, मॅडम."

"हो. चुकलं माझं."

"दोन तास गाडी चालवून आलोय मी." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, कुणी वळून बघितलं असतं. वळून बघितलं ते पलीकडच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या ओरव्हिलनं, आणि तो म्हणाला, "नोरीन, दिला शब्द तो दिला. वेंडलनं असं केलं नसतं हो."

माझ्याकडे सांगण्यासारखं एकच कारण होतं, केंड्रा, आणि ते नाव तोंडातून निघालं असतं तर त्याला हवं ते सगळं मिळालं असतं. पिस्तूल नसतानाही.  त्यानं पिस्तुलावर हात ठेवला. मीही ठेवला. दोन हात एका पिस्तुलावर, मध्ये ती प्लास्टिकची पट्टी.

"मला भीती वाटतेय," मी म्हटलं.

त्या हॉलमध्ये हे वाक्य कुणी बोलत नाही. सगळे भीती वाटू नये म्हणूनच येतात तिथे. ओरव्हिलनं मान खाली घातली.

"कशाची?" कोल्बीनं विचारलं. खरोखर कुतूहलानं.

मी उत्तर देण्याआधी एल्डन वाट ओलांडून आला. त्यानं आपला रुंद पंजा आमच्या दोघांच्या हातांवर ठेवला. "हे सकाळीच मी घेतलंय तिच्याकडून. विसरली असेल. नवरा गेल्यापासून असंच चाललंय बिचारीचं. माफ कर, भल्या माणसा."

इतका अपमान आयुष्यात माझा कुणी केला नव्हता, आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

 कोल्बीनं एकेक नोट उचलून खिशात घातली. "इथल्याच का तुम्ही, मॅडम?"

"नाही," मी म्हटलं. चोपन्न वर्षं या गावात काढली, गाव नाकारलं ते पहिल्यांदा.

"सांभाळून राहा," तो म्हणाला, टोपी घातली आणि गेला. दाराकडे नाही. पुढच्या रांगेकडे.

हॉलमध्ये एकशे दहा टेबलं होती. त्यातली चाळीस तरी माझ्यासारख्यांची असतील. विधवा, निवृत्त, हौशी. सगळी चांगली माणसं, आणि कुणी काही विचारणार नव्हतं.

"तू जा," एल्डन म्हणाला. "टेबल मी बघतो."

"त्यांना सांग तू. एकेकाला जाऊन सांग."

"काय सांगू? फॉर्ममधलं बाहेर काढलं तर परवाना जाईल माझा." तो रांगेकडे बघत होता. "जा तू. सांगतो."

पार्किंगमध्ये गाडीत बसून मी दारं आतून लावली. शेरीफच्या पोलीस कचेरीत फोन केला. तिथला पोरगा चांगला होता. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, त्यानं काही केलंय का? म्हटलं, अजून नाही. कुणीतरी पाठवतो म्हणाला, चाळीसेक मिनिटं लागतील. मग केंड्राला लावला. मला वाटलं ती रडेल.

"किती टेबलं आहेत?" तिनं विचारलं.

मी आकडा सांगितला.

"पायपरला बूट घालते," ती म्हणाली.

मी पोचले तेव्हा दोघी दाराच्या आत उभ्या होत्या, तीन पिशव्या घेऊन. पायपर सहा वर्षांची. तिनं विचारलं, "नोरीन मावशी, आज शाळा आहे?" मी म्हटलं, नाही, आज फिरायला. माझ्या गाडीत चढताना केंड्रानं घराला कुलूपही लावलं नाही.

हमरस्त्याला लागायच्या आत एल्डनचा फोन आला.

"गेला तो. पांढरा पिकअप ट्रक. तुमच्याच बाजूला वळलाय."

"काही घेतलं त्यानं?"

"बावीस टेबलांना सांगून झालं होतं माझं. पुढच्या रांगेला पोचेपर्यंत तो बाहेर पडला होता." त्याला धाप लागली होती. "हात रिकामे होते, नोरीन. पण जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली होती. आला तेव्हा उघडी होती. बाहेर गारठा आहे तसा. मला सांगता येत नाही."

"काय म्हणाला?" केंड्रानं विचारलं.

निम्मं सांगायचा विचार मनात आला. पण सकाळपासून न विचारण्याचा आणि न सांगण्याचाच व्यवहार झाला होता. मी सगळं सांगितलं, चेनसकट. तिनं मागे वळून पायपरचं डोकं हलकेच खाली दाबलं, खिडकीच्या खाली. "लपाछपी खेळू या, पायपर. मी सांगेपर्यंत वर यायचं नाही."

मी गाडी उत्तरेला वळवली. आमच्या काउंटीत दर तिसरा ट्रक पांढरा असतो. समोरून पहिला येताना दिसला तेव्हा केंड्राचा हात माझ्या बाहीवर आला. तो शेजारून निघून गेला. तिनं हात काढला नाही, कारण मागोमाग दुसरा येत होता.