आऊटडोअर बॅच

बिबट्यानं आमच्या भागातल्या बायकांचं फिरणं बंद केलं आणि जिमवाल्यांचं दुकान चालू केलं. अवसरीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस. डॉक्टर म्हणतात रोज पहाटे चाला, आणि वनखात्याचा बोर्ड म्हणतो एकट्यानं फिरू नका. अशा वेळी मंचरला खताच्या दुकानावरच्या मजल्यावर श्रेया नावाच्या मुलीनं बायकांची बॅच काढली. भिंतभर आरसे, खाली रबराच्या चटया आणि मोठ्यानं गाणी.

मला तिथं नातीनं घातलं. साक्षी म्हणाली, "आजी, गुडघा दुखतो म्हणून तू बसून राहतेस, आणि बसून राहतेस म्हणून गुडघा दुखतो." फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना होता. तिनं 'गृहिणी' लिहिलं. मी चाळीस वर्षं मुकादमीण होते, बायकांची टोळी घेऊन लोकांच्या रानात राबले. घर बघायला दिवेलागणीनंतर मिळेल तेवढीच सवड. पण मी ते खोडायला लावलं नाही. गृहिणी म्हणवून घ्यायला बरं वाटत होतं.

पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं तर समोर कुशावहिनी. अवसरीतल्या दहा एकर बागायतीच्या मालकीण. माझी टोळी सगळ्यात जास्त त्यांच्याच रानात राबली. आम्ही वाकलेल्या, त्या बांधावर छत्री धरून. बारा वर्षांपूर्वी माझा मुलगा रत्नदीप पोस्टात लागला. मी पेढे घेऊन गेले, तर पेढा हातातच धरून त्या म्हणाल्या, "मग उद्यापासनं बाया कोण आणणार?" त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं की या बाईच्या रानात पुन्हा वाकायचं नाही. कुणाला सांगितलं नाही, पण बारा वर्षं पाळलं.

"केशर, तू हितं?" कुशावहिनी म्हणाल्या. "झाडायला लागलीस का?"

"न्हाई वहिनी. फी भरून आले."

त्या आरशाकडे वळल्या. तिथंही मीच दिसत होते.

श्रेयानं वय बघून आमची जोडी लावली. पोटाच्या व्यायामाला एकीनं आडवं व्हायचं आणि दुसरीनं तिचे पाय दाबून धरायचे. मी आडवी झाले. कुशावहिनी माझ्या पायांकडे बघत राहिल्या आणि मी छताकडे.

"घट्ट धरा मॅम," श्रेया म्हणाली, "नाहीतर काकींना उठता येणार नाही."

त्यांनी धरले. सगळ्यांना दहा वेळा उठायला सांगितलं होतं, मी चौदा वेळा उठले.

तिथले व्यायाम मला नवे नव्हते, त्यांची नावं नवी होती. दोन हातांत दोन वजनं घेऊन चालायचं, खाली बसून उठायचं, पोतं खांद्यावर टाकायचं. श्रेया सगळ्यांना थांबवून म्हणायची, "काकींकडे बघा. काय फॉर्म आहे! जन्मजात."

"जन्मजात न्हाई बाई," मी म्हणाले, "रोजंदारीचा हाय."

बायका हसल्या. पार्लरवाली रत्ना सगळ्यात मोठ्यानं हसली, आणि मग तिनंच विचारलं, "रोजंदारीला डाएट काय असायचं?"

तीन महिन्यांत माझा गुडघा वळायला लागला. मोबाईलवर 'मंचरच्या वाघिणी' असा ग्रुप होता, त्यात मीही वाघीण झाले. साक्षीनं फॉर्मवर माझी जन्मतारीख अंदाजानं ठोकून दिली होती. त्या दिवशी केक आणला आणि अठरा जणींनी टाळ्या वाजवल्या. कुशावहिनींनी आपल्या हातानं मला केक भरवला. साखरेमुळं त्यांना स्वतःला खायचा नव्हता, पण भरवला. या एका जागी आम्ही दोघी सारख्या होतो, दोघींनाही घाम यायचा. मला ती जागा मोडायला नको होती.

ती मोडायची वेळ चैत्रात आली. आभाळ भरून यायला लागलं, कुशावहिनींचा कांदा काढणीला आला आणि गावात बाया मिळेनात. एक दिवस व्यायाम झाल्यावर त्या श्रेयाला म्हणाल्या, "मॅडम, रोज या खोलीत कोंडून काय करता? एक दिस माझ्या रानात बॅच घ्या. मोकळी हवा. वाकायचं, उपटायचं, उठायचं. तुमचाच व्यायाम की!"

श्रेयाचे डोळे चमकले. "आऊटडोअर बॅच! मस्त!"

सगळ्यांनी होकार दिला. रत्नानं टोपी कुठली घालायची ते विचारलं. जे काम करायला गावात मजूर मिळत नव्हता, त्या कामाला फी भरून अठरा बायका तयार झाल्या.

"मी येणार न्हाई," मी म्हणाले.

"असं कसं काकी? शिकवणार कोण? मला कांदा फक्त चिरता येतो."

कुशावहिनी हळूच म्हणाल्या, "केशर, पाऊस येईल गं."

मी म्हणाले, "येते. बांधावर उभी राहून सांगीन. एका कांद्याला हात लावायची न्हाई. आणि बाकी जेवढ्या मेंबर हायत, तेवढ्या रानात उतरतील. बांधावर दुसरी कोणी थांबायची न्हाई."

"बरोबर," श्रेया म्हणाली, "नियम म्हणजे नियम."

कुशावहिनी मेंबर होत्या. त्यांना हे कळायला जरा वेळ लागला.

रविवारी सकाळी सातला रंगीबेरंगी बूट घातलेली टोळी रानात उतरली. मी एकेकीला एकेक वाफा वाटून दिला. "कांद्याची मान मातीजवळ धरा. सरळ वर ओढा. तिरकं ओढलं की पात हातात येती आन् कांदा खाली ऱ्हातो." गाणी लागली. पोरी हसत, ओरडत, फोटो काढत पुढं सरकत होत्या. शेवटच्या वाफ्यात कुशावहिनी स्वतःच्या रानात वाकल्या. चाळीस वर्षं मला हे बघायचं होतं. मी कमरेवर हात ठेवून बघितलं.

गंमत अशी की मला पाहिजे तसा आनंद होईना. लक्ष सारखं त्यांच्या हाताकडे जात होतं. कांदा तिरका ओढत होत्या. माना तुटत होत्या. अर्धा माल मातीत ठेवून बाई पुढं चालली होती. माझ्या टोळीत अशी बाई दुपारपर्यंत टिकली नसती.

दीड तासात बाकीच्यांचे वाफे संपले. सगळ्या बांधावर येऊन ताक प्यायला लागल्या. कुशावहिनी अजून निम्म्यावर होत्या, तांबड्यालाल झालेल्या. श्रेया मदतीला धावली.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "माझा वाफा हाय."

आमच्या टोळीत एक रीत होती. जिचा वाफा मागं राहील, तिच्या समोरच्या टोकापासून दुसरीनं काढत यायचं. कुणी सांगायचं नाही आणि कुणी मागायचं नाही. मी बांधावर उभी होते. बारा वर्षं कशासाठी थांबले होते ते मला चांगलं आठवत होतं. आणि समोर मातीत बसकण मारलेली माझी जोडीदारीण दिसत होती, तुटलेल्या पातीचा ढीग घेऊन.

मी चपला काढल्या आणि दुसऱ्या टोकाला वाकले.

"काकी, तुम्ही हात लावणार नव्हता ना!" रत्ना ओरडली.

"तुझं ताक पी गं."

हात विसरले नव्हते. निम्म्यापर्यंत भराभर आले. आमच्या दोघींमध्ये चार हात जागा उरली, तेव्हा मी उभी राहिले आणि बाजूला सरकले. कुशावहिनींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्यांनी उरलेली चार हात जागा एकटीनं काढली. या वेळी सरळ ओढत होत्या. बांधावरच्या पोरींनी गाणं बंद केलं.

शेवटचा कांदा उपटून त्या गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. धाप लागली होती.

"झालं का गं, केशर?"

मी वाफ्यावर नजर फिरवली.

"मागं तीन राहिलेत, वहिनी."

त्या मागं वळल्या.